टोंगरनचा बिशप सर्वातियस नक्की कधी वारला?

आइंडहोवनला नोकरीनिमित्त राहणारं एक मराठी कुटुंब सुट्टीत मास्ट्रिख्तला गेलं होतं. तिथल्या संत सर्वातियसच्या चर्चमध्ये त्यांना तीन गोष्टी सांगण्यात आल्या. हा बिशप मूळचा आर्मेनियाचा, येशूच्या नात्यातला. तो १३ मे ३८४ रोजी वारला. आणि हूण येणार हे त्याला संत पेत्राने आधीच कळवलं होतं. घरी आल्यावर त्यांनी तारखा ताडून पाहिल्या. अटिलाचे हूण गॉलमध्ये, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्स-बेल्जियमच्या मुलखात, शिरले ४५१ साली. त्यांचा प्रश्न असा: "मधे सदुसष्ट वर्षं आहेत. शिवाय येशूचा नातलग चौथ्या शतकापर्यंत जगतो कसा? यातलं खरं काय?"

आधी निकाल सांगतो, मग पुरावा. टोंगरनला, म्हणजे मास्ट्रिख्तजवळच्या बेल्जियममधल्या गावाला, चौथ्या शतकात सर्वातियस नावाचा बिशप होता आणि ३५९ साली तो हयात होता, एवढं पक्कं आहे. मास्ट्रिख्तला रस्त्याकडेला एका बिशपची कबर होती आणि सहाव्या शतकात लोक तिथे नवस-प्रार्थना करत होते, हेही पक्कं. हूणांची गोष्ट आपल्याला प्रथम भेटते ती घटनेनंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी. आर्मेनिया आणि येशूचं नातं त्याहून पाचशे वर्षांनी. १३ मे हा सणाचा दिवस जुना आहे, ३८४ हे वर्ष मात्र मागाहून जोडलेलं.

मी ख्रिस्ती सभेचा इतिहास शिकवण्यात तीस वर्षं घालवली. त्याआधी मोडी कागद वाचायचो. दोन्हीकडे एकच सवय उपयोगी पडली. एखाद्या माणसाबद्दल कोणी भरभरून लिहिलं असेल तर ते बाजूला ठेवायचं, आणि दुसऱ्याच कामाच्या कागदात त्याचं नाव ओझरतं कुठे आलंय ते आधी शोधायचं. वतनाच्या तंट्यात साक्षीदार म्हणून आलेला पाटील हा कुलवृत्तांतातल्या पराक्रमी पाटलापेक्षा जास्त खरा असतो. सर्वातियसचं तसंच आहे. (चर्चमध्ये मी संतांना "ते" म्हणतो. इथे इतिहास सांगतोय, म्हणून "तो".)

ओझरते उल्लेख तीन आहेत.

पहिला ३४३ सालच्या सार्दिकाच्या परिषदेचा. सार्दिका म्हणजे आजचं बल्गेरियातलं सोफिया. त्या काळी ख्रिस्ती जगात मोठा वाद पेटला होता: पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, की पित्याने निर्माण केलेला, म्हणून पायरीने खालचा? अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस पहिल्या बाजूचा, आणि त्यापायी पुन्हापुन्हा हद्दपार झालेला. आपल्या बाजूने किती बिशप आहेत हे दाखवायला त्याने परिषदेच्या निकालाला संमती देणाऱ्यांची यादी दिली आहे. त्यात गॉलच्या चौतीस नावांत सातवं नाव "सार्बातियस". ग्रीकमध्ये लॅटिन "व" चा "ब" होतो, तेव्हा नाव आपलंच. पण गॉलच्या नावांपुढे गावं दिलेली नाहीत. म्हणजे हा टोंगरनचाच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

दुसरा उल्लेख ३५० सालचा आणि थोडा नाट्यमय. मॅग्नेन्शियस नावाच्या सेनानीने पश्चिमेचा सम्राट कॉन्स्टन्स याला मारून गादी बळकावली. कॉन्स्टन्सचा भाऊ कॉन्स्टॅन्शियस पूर्वेला राज्य करत होता. त्याची समजूत काढायला मॅग्नेन्शियसने वकील पाठवले, त्यांत सर्वातियस आणि मॅक्सिमस हे दोन बिशप होते. ही मंडळी अलेक्झांड्रियाकडून गेली. पुढे अथनासियसवर आरोप आला की तूही त्या बंडखोराशी संधान बांधलं होतंस. सम्राटापुढे आपला बचाव मांडताना त्याने या दोघांची नावं घेतली. इथेही गाव नाही. पण विचार करा: ऱ्हाइन सरहद्दीजवळच्या एका बिशपला बंडखोर सम्राट शिष्टाईला पाठवतो, तो समुद्र ओलांडून इजिप्तला जातो, आणि हे सगळं आपल्याला कळतं ते दुसऱ्याच माणसाच्या कोर्टकचेरीतून. असा पुरावा हाती लागला की मला बरं वाटतं. तो लिहिणाऱ्याला सर्वातियसला मोठा करण्यात काडीचा रस नव्हता.

तिसरा उल्लेख सगळ्यात महत्त्वाचा, कारण इथे गाव आहे. ३५९ साली कॉन्स्टॅन्शियसने पश्चिमेच्या बिशपांना इटलीत रिमिनी इथे बोलावलं. चारशेहून जास्त जमले. सम्राटाला वाद मिटवायचा होता. पुत्र पित्या"सारखा" आहे एवढंच म्हणा, तत्त्वाबित्त्वाचा शब्द नको, अशी गुळमुळीत भाषा त्याने पुढे केली होती. सल्पिशियस सेव्हेरस याने साधारण चाळीस वर्षांनी या परिषदेची हकीकत लिहिली, आणि ती वाचताना आजही हसू आणि राग दोन्ही येतात. सरकारने बिशपांच्या राहण्याखाण्याचा खर्च देऊ केला होता. गॉल आणि ब्रिटनच्या बिशपांनी तो नाकारला, पदरमोड केली. ब्रिटनच्या फक्त तिघांनी गरिबीमुळे सरकारी अन्न खाल्लं. टॉरस नावाच्या अधिकाऱ्याला हुकूम होता की सह्या झाल्याशिवाय कोणालाही घरी सोडायचं नाही. उन्हाळा गेला, हिवाळा आला. एकेक करून बिशप वाकत गेले आणि शेवटी वीसेक उरले. सल्पिशियस म्हणतो, त्या वीसांचे म्होरके दोघे: आजँचा फिबादियस आणि "तुंग्री लोकांचा बिशप सर्वातियस". तुंग्रींचं गाव म्हणजे टोंगरन.

टॉरसने मग धमक्या सोडून विनवण्या सुरू केल्या. रडलासुद्धा. सातवा महिना लागलाय, थंडी आहे, जवळचं संपलंय, एकदा सही करा आणि घरी जा. फिबादियस आधी म्हणाला, हद्दपार व्हायला तयार आहे. पण दिवस जाऊ लागले तसा तोही ढिला पडला. तडजोड अशी निघाली की सम्राटाच्या मसुद्याला आपल्या बाजूची कलमं जोडून सही करायची. विरुद्ध पक्षाचा व्हॅलेन्स मदतीचा आव आणून म्हणाला, माझंही एक वाक्य घाला: "पुत्र हा इतर निर्मितींसारखी निर्मिती नाही." ऐकायला गोड. घरी गेल्यावर लक्षात आलं की याचा अर्थ "निर्मितीच आहे, फक्त वेगळ्या प्रकारची" असाही होतो. सगळे फसले होते, सर्वातियसही.

त्याच्याबद्दल सर्वांत खात्रीने जी गोष्ट ठाऊक आहे ती पराभवाची आहे. नंतरच्या चरित्रकारांनी या प्रसंगाला हात लावताना चांगलीच कसरत केली. संताचं चरित्र रचायला बसलेला माणूस असा प्रसंग स्वतःहून कधीच रचणार नाही. म्हणूनच मी तो खरा मानतो.

३४६ सालच्या कोलोनच्या परिषदेचं एक इतिवृत्त तुम्हाला वाचायला मिळेल. त्यात सर्वातियस शेजारच्या कोलोनच्या बिशपावर, युफ्रातासवर, पाखंडाचा आरोप करतो. त्यावर विसंबू नका. त्याच युफ्रातासला सार्दिकाने आपला दूत म्हणून अँटिओकला धाडलं होतं, तो अथनासियसच्या बाजूचा माणूस. इतिवृत्त मागाहून बनवलेलं आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात, मीही मानतो.

आता टोंगरनबद्दल थोडं, कारण गावाची अवस्था कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. टोंगरन हे बेल्जियममधलं जुनं रोमन नगर, बाव्हे ते कोलोन या हमरस्त्यावरचं. दुसऱ्या शतकातला त्याचा तट सुमारे साडेचार किलोमीटरचा होता. चौथ्या शतकात नवा तट बांधला तो जेमतेम पावणेतीन किलोमीटरचा. बाहेर राहिलेला भाग सोडून दिला. गाव आकसलं होतं हे दगडच सांगतात. त्याच वेळी आतमध्ये, आजच्या मोठ्या चर्चच्या खाली, अर्धवर्तुळाकार टोकाची एक मोठी इमारत उभी राहिली. उत्खनन करणाऱ्यांनी ती चर्च असावी असं मत दिलं आहे. रोमन प्रांतांच्या जुन्या यादीत या भागात, म्हणजे दुसऱ्या जर्मानियात, दोनच नगरं आहेत: कोलोन आणि टोंगरन. एवढ्या मोठ्या मुलखाला दोन बिशप.

आणि उत्तरेला फ्रँक नावाच्या जर्मानिक टोळ्या. ३५८ साली, म्हणजे रिमिनीच्या आदल्याच वर्षी, सेनापती ज्युलियन टोक्सांद्रियात बसलेल्या सालियन फ्रँकांवर चालून निघाला. वाटेत तो टोंगरनला पोचला तोच फ्रँकांचे वकील समोर. ते म्हणाले, आम्ही आमच्या जागी गप्प राहतो, आम्हाला राहू द्या. ज्युलियनने त्यांना वाटेला लावलं आणि पाठोपाठ छापा घातला. अमियानस मार्सेलिनस या सैनिकी इतिहासकाराने हे नोंदवलंय. टोक्सांद्रिया म्हणजे साधारण आजचा केम्पेन आणि उत्तर ब्राबांट. तुम्ही राहता ते आइंडहोवन त्यातच येतं. त्या वेळी टोंगरनची बिशपगादी सर्वातियसकडे होती असं धरायला हरकत नाही. म्हणजे फ्रँक त्याच्या उंबरठ्याशी होते, आणि वर्षभरात तो हजार-बाराशे किलोमीटरवर रिमिनीला जाऊन पुत्राच्या तत्त्वासाठी भांडत होता. रोमन साम्राज्य "पडलं" असं आपण शाळेत शिकतो. तिथल्या माणसांना ते पडताना दिसत नव्हतं. त्यांना परिषदेचं बोलावणं येत होतं.

इथून पुढे दोनशे वर्षांची उडी. तूरचा बिशप ग्रेगरी ५९४ च्या सुमारास वारला. फ्रँक राजांच्या काळात त्याने जो मोठा इतिहास लिहिला त्याच्या दुसऱ्या भागात ही गोष्ट आहे. हूण गॉलमध्ये येणार अशी आवई उठली. तेव्हा टोंगरनला अरावातियस नावाचा बिशप होता. तो रडून, उपास करून देवाला विनवू लागला की हे संकट टाळ. काही उत्तर मिळेना. मग तो रोमला गेला, संत पेत्राच्या कबरीपाशी दोन-दोन, तीन-तीन दिवस उपाशी बसला. शेवटी पेत्राने त्याला सांगितलं: हूण येणार आणि वादळासारखा मुलूख उजाड करणार, हे ठरलेलं आहे. तू घरी जा, निरवानिरव कर, कफन तयार ठेव. ते अरिष्ट तुझे डोळे पाहणार नाहीत. तो परतला, टोंगरनच्या लोकांना म्हणाला, आता माझं तोंड तुम्हाला पुन्हा दिसणार नाही. लोक रडत मागे धावले. त्याने आशीर्वाद दिला आणि मास्ट्रिख्तला गेला. तिथे थोडा ताप येऊन वारला. लोकांनी त्याला हमरस्त्याच्या कडेला पुरलं.

ही गोष्ट सुटी वाचू नका. तिच्यापुढची दोन प्रकरणं जोडून वाचा. लगेच पुढे मेत्सचं प्रकरण आहे: ईस्टरच्या आदल्या रात्री हूण मेत्समध्ये शिरले, गाव जाळलं, पण संत स्तेफानचं प्रार्थनास्थळ वाचलं, कारण स्तेफानने पेत्र आणि पौल यांच्याकडे रदबदली केली होती. ते म्हणाले, गाव नाही वाचणार, तेवढं देऊळ वाचेल. मग ऑर्लेआँ: तिथला बिशप अनियानस लोकांना प्रार्थना करायला लावतो, पुन्हा पुन्हा तटावरून बघायला सांगतो, आणि ऐनवेळी रोमन सेनापती एतियसची फौज येते, गाव वाचतं. तीन गावं, तीन अर्ज. एक नामंजूर, एक अंशतः मंजूर, एक मंजूर. हे योगायोगाने घडत नाही. ग्रेगरीला सांगायचं होतं की काही गावं पडली आणि काही वाचली ती कोणाच्या दरबारात काय ठरलं त्यावरून. "नामंजूर"साठी त्याला एक इतका पुण्यवान बिशप हवा होता की नकाराचा दोष त्याच्यावर येऊ नये. मास्ट्रिख्तच्या कबरीची आख्यायिका तयारच होती.

ग्रेगरी खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्याने ऐकलं ते लिहिलं, फक्त कुठे बसवायचं ते त्याने ठरवलं. टोंगरन हूणांनी जाळलं असं तो स्वतःही म्हणत नाही, हे लक्षात घ्या. ते नंतरच्यांनी गृहीत धरलं.

मग अरावातियस आणि सर्वातियस एकच का? यावर दोन मतं आहेत. एक मत असं की दोघे वेगळे: चौथ्या शतकातला सर्वातियस, पाचव्या शतकातला अरावातियस, मागाहून लोकांनी दोघांना एक केलं. तारखांचा पेच याने एका फटक्यात सुटतो, आणि ४५१ च्या आसपास टोंगरनला कोणीतरी बिशप असणं अशक्य नाही. दुसरं मत असं की माणूस एकच, लोकांच्या आठवणीने त्याला उचलून हूणांच्या काळात ठेवलं.

मी दुसऱ्या बाजूचा आहे. कारणं सांगतो.

एक तर नाव. अथनासियसच्या यादीतलं "सार्बातियस" लॅटिनमध्ये "सार्वातियस" होतं. जुन्या हस्तलिखितांत शब्द सुटे नसतात. आधीचा शब्द "स" ने संपत असेल, आणि लॅटिनमध्ये "बिशप", "संत" हे दोन्ही शब्द "स" नेच संपतात, तर नावाचा पहिला "स" गिळला जायला वेळ लागत नाही. उरतं "आर्वातियस", मग "अरावातियस". मोडी वाचलेल्याला हे सांगायला नको. आधी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवायची, शब्दांमध्ये जागा नाही. उमेदवारीच्या काळात मी एका महजरात "बिन नागोजी" चा "बिन आगोजी" केला होता आणि त्या आगोजीचा वंश शोधत दोन महिने घालवले. गुरुजींनी कागद हातात घेऊन एका मिनिटात "न" परत जागेवर बसवला. ग्रेगरीच्या हस्तलिखितांतही या नावाची रूपं एकसारखी नाहीत. हा खुलासा सिद्ध करता येत नाही, पण मला पटतो.

दुसरं, जागा. एकाच छोट्या धर्मप्रांतात जवळजवळ एकाच नावाचे दोन थोर बिशप, आणि त्यांतला ज्याचा समकालीन पुरावा आहे त्याची कबर नाही, ज्याची कबर आहे त्याचा समकालीन पुरावा नाही. हे दोन अर्धे तुकडे मला एकाच मडक्याचे वाटतात.

तिसरं, आणि माझ्या मते खरी किल्ली इथेच आहे: गोष्टीतला प्रवास. बिशप टोंगरन सोडून मास्ट्रिख्तला येतो आणि तिथे देह ठेवतो. ही दोन गावं वीसेक किलोमीटरवर. मास्ट्रिख्त म्हणजे म्यूझ नदीवरचा पूल आणि चौथ्या शतकातली छोटी गढी. टोंगरन ओसरत गेलं आणि वस्ती, व्यापार, पुढे बिशपही पुलापाशी सरकले. सहाव्या शतकात ५३५ च्या क्लेर्माँ परिषदेत दोमितियानस अजून टोंगरनचा बिशप म्हणून सही करतो. ६१४ ला पॅरिसच्या परिषदेत बेतुल्फ मास्ट्रिख्तचा म्हणून करतो. गादी हलली की प्रश्न येतो: हलवली कोणी, कोणाच्या अधिकाराने? मूळ बिशप स्वतः इथे आला, इथेच झोपला आहे, हे त्याला सर्वांत चांगलं उत्तर. पुढे हीच गादी दुसऱ्यांदा हलली. आठव्या शतकाच्या सुरुवातीला बिशप लाम्बेर्तचा लिएजला खून झाला, त्याच्या मागून आलेल्या हुबेर्तने त्याच्या अस्थी आणि पाठोपाठ गादी लिएजला नेली. कबर जिथे, गादी तिथे. टोंगरन-मास्ट्रिख्तच्या बाबतीतही तसंच झालं असावं, फक्त आपल्याला त्याची गोष्ट हूणांच्या वेषात मिळाली.

मग हूणच का? त्या टापूवर संकटं काय कमी आली होती? ३८८ साली गेनोबाउदेस, मार्कोमेर आणि सुन्नो या सरदारांच्या हाताखाली फ्रँक ऱ्हाइन ओलांडून आले आणि कोलोनची गाळण उडाली. ४०६ च्या अखेरीस व्हँडल आले. त्या काळचा धर्मपंडित जेरोम याने एका पत्रात उद्ध्वस्त नगरांची यादी दिली आहे: माइन्त्स, वर्म्स, रँस, तूर्ने... टोंगरन तीत नाही, पण आजूबाजूचं बरंच आहे. सर्वातियस ३८४ च्या आसपास वारला असेल तर "तो गेला आणि मागोमाग अरिष्ट आलं" ही आठवण ३८८ च्या फ्रँकांना चपखल बसते. पण सहाव्या शतकात गोष्ट सांगायची कोणाला? फ्रँक राजांच्याच प्रजेला, आणि ग्रेगरीच्या बाबतीत तर फ्रँक राजांच्याच दरबारात वावरणाऱ्या बिशपाने. "तुमचे आजे-पणजे हेच ते अरिष्ट" असं कोण म्हणेल? हूण निघून गेले होते, त्यांची बाजू घेणारं कोणी नव्हतं. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही; पण मी विद्यार्थ्यांना तो नेहमी सांगत आलो.

एक गोष्ट मात्र ग्रेगरीची मी अक्षरशः मानतो: कबर. दुसऱ्या एका पुस्तकात तो लिहितो की ती हमरस्त्याला लागून, पुलाजवळ होती. आजूबाजूला बर्फाचे ढीग साचले तरी कबरीवर बर्फ पडत नसे. भाविक लोक फळ्या ठोकून वर छोटं देऊळ उभारत, ते वाऱ्याने उडून जाई किंवा आपोआप ढासळे. शेवटी बिशप मोनुल्फने तिथे मोठं मंदिर बांधलं. चमत्कार सोडा, पण पुन्हा पुन्हा पडणारी फळ्यांची खोपटी कोण कशाला रचेल? रोमन रीतीप्रमाणे दफन वस्तीबाहेर रस्त्याकडेला व्हायचं, आणि त्या भागात उशिराच्या रोमन काळातलं दफनस्थान सापडलंही आहे. तुम्ही ज्या चर्चमध्ये उभे होतात त्याच्या खाली मोनुल्फच्या काळातल्या बांधकामाचे अवशेष मिळाले आहेत.

बर्फावरून आठवलं. डच शेतकरी मेच्या ११ ते १४ तारखांना "बर्फाचे संत" म्हणतात: मामेर्तुस, पांक्रातियस, सर्वातियस, बोनिफातियस. यांचे सण उलटल्याशिवाय नाजूक रोपं बाहेर लावायची नाहीत. आपल्याकडे रोहिणी-मृगावर पेरणी ठरते तसंच. बर्फ न पडणारी कबर आणि थंडीचा शेवट सांगणारा सण यांचा संबंध जोडायचा मोह होतो, पण तो दिवस कॅलेंडरात नुसता तिथे पडला, इतकंच.

आर्मेनियाचं प्रकरण लवकर संपवतो. सर्वातियस हे शुद्ध लॅटिन नाव आहे, अर्थ साधारण "राखलेला, वाचवलेला". अकराव्या शतकाच्या अखेरीस जोकुंदुस नावाच्या धर्मगुरूने मास्ट्रिख्तसाठी चरित्र लिहिलं, त्यात वंशावळ येते: मरियेची आई हन्ना, तिची बहीण, तिचा वंश, आणि त्यात आर्मेनियात जन्मलेला सर्वातियस. हिशेब केला तर माणूस तीनशे वर्षं जगायला हवा. आपल्या चांगदेवांना चौदाशे वर्षं देणाऱ्यांना यात फार आश्चर्य वाटू नये. त्या काळातही शंका घेणारे होते, म्हणून तर चरित्रात साक्षीदार उभे करावे लागले. मास्ट्रिख्तच्या खजिन्यात तुम्हाला चांदीची किल्ली दाखवली असेल, पेत्राने दिलेली म्हणून. ग्रेगरीच्या गोष्टीत किल्ली कुठेच नाही. ती कॅरोलिंगियन काळातली, म्हणजे सर्वातियसनंतर चारशे वर्षांची. पण सुरेख आहे, नीट पाहा.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, एवढंसंच हाती लागलं? मी उलट म्हणतो. त्या काळच्या बिशपांत हा नशीबवान आहे. सहाव्या शतकाच्या मध्यात, मोनुल्फच्या काळाच्या आसपास, कॉस्मस नावाच्या दर्यावर्दी व्यापाऱ्याने पश्चिम किनाऱ्यावरच्या कालियाना गावी पर्शियाहून नेमलेला एक बिशप असल्याची नोंद केली. कालियाना म्हणजे बहुधा आपलं कल्याण. त्या बिशपाचं नाव नाही, कबर नाही, गोष्टही नाही. कल्याण स्टेशनवरून जाताना मला दर वेळी तो आठवतो.

पुढच्या सुट्टीत मास्ट्रिख्तऐवजी टोंगरनला जा, बसने फार लांब नाही. तटाचे तुकडे अजून उभे आहेत. मोठ्या तटाकडून चालत चर्चपर्यंत या आणि मधे किती गाव सुटलं ते पावलांनी मोजा. तिथे सर्वातियसची कबर नाही, पण ज्या सर्वातियसबद्दल आपल्याला खात्री आहे तो तिथलाच.